*सता : एका तारांकित शब्दाचे मूळ आणि विभक्ती

जयपूरच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर चौमूं हे गाव आहे. तेथील बाजारात शंभर ही संख्या ‘सौ’ या शब्दाने सांगितली जाते. पुण्याच्या बाजारात तिला ‘शंभर’ म्हणतात, आणि दोनशे-तीनशे असे मोजताना त्याच संख्येचे ‘शे’ हे रूप पुढे येते. हेलसिंकीच्या बाजारात तिचे नाव ‘सता’ असे आहे. या तिन्हींपैकी संस्कृत ‘शत’ला सर्वांत जवळचा शब्द कोणता, असा प्रश्न भाषाशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकास केला, तर तो निःशंकपणे फिनिश शब्दाकडे बोट दाखवील. वस्तुस्थिती मात्र अशी की, चौमूंचा ‘सौ’ आणि मराठीचा ‘शे’ हे ‘शत’चे औरस वंशज होत, आणि फिनिश भाषा त्या कुळातलीच नाही. ती उरली भाषाकुळातली. तिचा ‘सता’ हा फार प्राचीन काळी उसना घेतलेला शब्द. आप्तांचे चेहरे बदलावेत आणि परक्याने मात्र जुना चेहरा जपावा, असा हा प्रकार आहे. व्युत्पत्तीच्या चर्चेत मराठी लेखक ध्वनिसाम्यावर जो विश्वास ठेवतात, त्याची परीक्षा घेण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

फिनिश, एस्टोनियन, कारेलियन, वेप्स, वोट आणि लिव्होनियन या भाषांची जी सामाईक पूर्वज, तिला आद्य-फिन्निक म्हणतात. ती कोणी लिहिली नाही. नोव्हगोरोद येथे १९५७ मध्ये सापडलेला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा भूर्जपत्रावरील लेख हा या समूहातील कोणत्याही भाषेचा ज्ञात असलेला सर्वांत जुना लेख होय. आणि फिनिशमधील छापील ग्रंथांची परंपरा मिकाएल अग्रिकोला यांच्या १५४३ च्या बाराखडीच्या पुस्तकापासून सुरू होते. तेव्हा आद्य-फिन्निकातील प्रत्येक शब्द हा तिच्या मुलींच्या साक्षीवरून उभा केलेला आहे. अशा शब्दाच्या डोक्यावर अभ्यासक एक तारा ठेवतात : *सता. (फिन्निक शब्दांच्या अंती येथे ‘आ’ लिहिला असला, तरी त्याचा उच्चार ऱ्हस्वच समजावा.) तारांकनाची ही प्रथा आउगुस्ट श्लायखर यांच्या १८६१ पासून प्रसिद्ध झालेल्या व्याकरणग्रंथाने रूढ केली. ताऱ्याचा अर्थ इतकाच की, हा शब्द कोणी लिहिलेला आढळत नाही; तो असा असावा असे मानल्यावाचून मात्र उपलब्ध रूपांची संगती लागत नाही.

मराठी वाचकाला ही शिस्त सर्वस्वी अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ज्या पाठाविषयी पूर्ण निश्चिती नाही त्या पाठाखाली नागमोडी रेषा दिली. १९३३ मध्ये पूर्ण झालेले आदिपर्व उघडले की ती रेषा पानोपानी दिसते. अनेक हस्तलिखितांच्या साक्षीवरून त्यांच्या पूर्वज पाठाकडे जाणे आणि अनेक भाषांच्या साक्षीवरून त्यांच्या पूर्वज शब्दाकडे जाणे, या दोन्ही क्रिया जातीने एकच आहेत. तारा काय किंवा नागमोडी रेषा काय, संपादकाने वाचकाशी केलेला तो करार असतो. अनुवादात आणि लोकप्रिय लेखनात हा तारा फार सहज गळून पडतो, आणि मग अनुमानाने उभा केलेला शब्द शिलालेखातल्या शब्दाच्या पंक्तीला जाऊन बसतो. मुद्रकाची चूक म्हणून याकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्याने विधानाची जातच बदलते.

*सताच्या मुळाकडे वळावे. हा शब्द आर्य भाषांकडून आला, हे कशावरून? केवळ ‘सता’ आणि ‘शत’ यांच्या साम्यावरून ते सिद्ध होत नाही. ज्या आद्य शब्दापासून भारत-युरोपीय कुळातील शंभराचे शब्द निघाले, त्याच्या पहिल्या अवयवात एक स्वरवत् उच्चारला जाणारा मकार होता. लॅटिन ‘केन्तुम्’, गॉथिक ‘हुन्द’ आणि लिथुआनियन ‘शिम्तास’ यांच्यात तो अनुनासिकाच्या रूपाने अद्याप ऐकू येतो. भारत-इराणी शाखेत त्याचा शुद्ध ‘अ’ झाला : संस्कृत ‘शतम्’, अवेस्तातील ‘सतम्’. *सतात अनुनासिक नाही. म्हणजे फिन्निक लोकांच्या बाल्टिक शेजाऱ्यांकडून, ‘शिम्तास’च्या पूर्वजाकडून, हा शब्द आला नाही. अनुनासिकाचा लोप ग्रीकमध्येही आढळतो. तेथे ‘हेकातोन्’ असे रूप आहे. पण ग्रीकात आरंभीचा ककार टिकला, त्याचा ऊष्म झाला नाही. ऊष्म वर्ण असणे आणि त्यापुढे निर्भेळ ‘अ’ असणे, या दोन खुणा एकत्र आढळतात त्या भारत-इराणी शाखेतच. प्रत्येक खूण एकटी घेतली तर संशय उरतो. दोन्ही मिळून मूळ ठरवतात.

आता त्या ऊष्म वर्णाचा प्रश्न. फिनिश ‘सता’त दन्त्य ‘स’ आहे, आणि अवेस्तातही ‘स’ आहे. त्यावरून हा शब्द इराणी भाषेतून घेतला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. फिन्निकची दूरची बहीण असलेल्या मोर्द्विन भाषेत याच शब्दाचे ‘शदो’ हे तालव्य शकाराचे रूप आहे, आणि सामी भाषेत तो चकारादी आहे. या साक्षी एकत्र केल्या म्हणजे उसना घेतलेला शब्द तालव्य ऊष्म वर्णाचा होता, आणि त्याचा दन्त्य ‘स’ ही फिन्निकची स्वतःची करणी आहे, हे स्पष्ट होते. फिन्निकने असला प्रत्येक तालव्य ऊष्म वर्ण दन्त्य केला. ‘सता’ त्याला अपवाद नव्हता. अवेस्ताशी दिसणारे साम्य म्हणजे दोन वाटसरूंनी वेगवेगळ्या गावांहून निघून एकाच धर्मशाळेत उतरावे, तसे आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण मराठीत आहे, आणि ते अधिक बोलके आहे. ‘शे’ मधील शकार पाहून तो ‘शत’ मधून थेट चालत आला असेच कोणासही वाटेल. पण महाराष्ट्री प्राकृतात श, ष, स या तिन्हींचा एक सकार झाला होता. मराठीने तो सकार इ, ई, ए या तालव्य स्वरांपूर्वी पुन्हा तालव्य केला. संस्कृत ‘सीमा’त दन्त्य ‘स’ आहे, पण मराठीत गावाची ‘शीव’ होते. संस्कृत ‘सीव्यति’, मराठी ‘शिवणे’. उलट ‘श्वश्रू’ आणि ‘श्वशुर’ या शब्दांत दोन दोन शकार असून मराठीत ‘सासू’ आणि ‘सासरा’ होतात, कारण तेथे पुढे तालव्य स्वर नाही. तेव्हा ‘शे’चा शकार हा पुढच्या एकारामुळे मराठीत नव्याने उपजलेला आहे. संस्कृतातला शकार मध्यंतरी मावळला होता, आणि जो दिसतो तो दुसराच आहे. ‘शिंग’ या शब्दाचीही तीच कथा. चौमूंकडच्या ढुंढाडी बोलीत ‘सींग’ राहिले, कारण तिने ही नवी तालव्य-रचना केली नाही. ‘शंभर’मध्ये मात्र शकारापुढे अकार आहे आणि वरील नियम तेथे लागू पडत नाही. त्याचा ‘भर’ ‘भरणे’शी लावला जातो, शकाराचे कारण ‘शे’चे साहचर्य किंवा विद्वानांच्या तोंडचा संस्कृत ‘शत’ यांतच शोधावे लागेल. ज्युल ब्लॉक यांच्या मराठीवरील ग्रंथाने, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये केलेल्या त्याच्या मराठी अनुवादाने, हे नियम मराठी अभ्यासकाच्या हाती ठेवून आठ दशके उलटली. तरी ‘शे’कडे बोट दाखवून संस्कृताच्या अखंड सातत्याची ग्वाही देणारे लेख थांबलेले नाहीत.

फिनिश शब्दांविषयी तर हा उत्साह अनावर होतो. ‘वसरा’ म्हणजे हातोडा, तो ‘वज्र’. ‘मेसि’ म्हणजे मध, तो ‘मधु’. ‘ओर्या’ म्हणजे दास, तो ‘आर्य’. ही यादी भारतीय वाचकाला सुखावते, आणि फिनलंडात कोणे एके काळी संस्कृत बोलले जात होते, इथपर्यंत मजल जाण्यास फारसा वेळ लागत नाही. हे शब्द ज्यांच्याकडून गेले, ते लोक संस्कृत बोलत नव्हते. त्यांची बोली संस्कृत आणि अवेस्ता यांच्या भगिनीची किंवा त्या दोघींच्या मातेची होती, आणि हा संपर्क व्होल्गा व उरल यांच्या परिसरात घडला असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय यादीतील प्रत्येक समीकरण सारखेच भक्कम नाही. आउलिस योकी यांनी १९७३ मध्ये या विषयाचे मोठे संकलन केले; साम्प्सा होलोपाइनेन यांनी हेलसिंकी विद्यापीठातील २०१९ च्या प्रबंधात अशा सर्व शब्दांची फेरतपासणी केली, आणि पुष्कळ जुनी समीकरणे संशयित किंवा त्याज्य ठरली. *सता त्या तपासणीत टिकून राहिला, याचे कारण वर सांगितलेल्या दोन खुणा.

देण्याघेण्याचा अभिमान बाळगायचाच असेल, तर पुढची संख्याही मोजून पाहावी. हजाराचा मराठी शब्द ‘हजार’ हा फारसी आहे. घरचा ‘सहस्र’ पोथीत आणि स्तोत्रात राहिला. हंगेरियन ही फिनिशची दूरची नातलग. तिने हजारासाठी घेतलेला ‘एझेर’ हाही इराणी शाखेतलाच. म्हणजे ‘हजार’ हा शब्द मराठीने आणि हंगेरियनने, एकमेकींचा पत्ता नसताना, एकाच दारातून उसना आणला.

येथवर शब्दाच्या प्रथमेचा विचार झाला. परंतु *सताचे खरे चरित्र त्याच्या विभक्तीत आहे, आणि मराठीतील व्युत्पत्तिविचाराला जर फिन्निक अभ्यासकांकडून काही शिकायचे असेल तर ते हेच. उसना घेताना मूळ शब्दाचा अंत्य मकार, म्हणजे त्याची नपुंसकलिंगी प्रथमा, मागेच राहिली. *सता हा फिन्निकचा अकारान्त प्रकृतिशब्द झाला आणि घरच्या शब्दांसारखा चालू लागला : प्रथमा *सता, षष्ठी *सदन्, अंशवाचक *सतदा, अनेकवचनी प्रथमा *सदत्, आणि अनेकवचनी अंशवाचक *सतोइदा. अंशवाचक विभक्ती मराठीत नाही. ‘त्यातून, त्यापैकी’ असा तिचा मूळचा अर्थ, आणि फिनिशमध्ये दोन किंवा त्याहून मोठ्या संख्येनंतरचे नाम याच विभक्तीच्या एकवचनात येते; ‘दोनशे’ म्हणताना खुद्द ‘सता’ही तिच्यात जातो. *सतोइदापासून झालेले आजचे ‘सतोया’ हे रूप मराठी ‘शेकडो’च्या जागी बसते. षष्ठीचे *सदन् देवनागरीत लिहिले की घराचे ‘सदन’ डोळ्यांपुढे उभे राहते. त्या साम्यावर अद्याप कोणी लेख लिहिलेला नाही, हे सुदैव.

*सता आणि *सदन् यांत ‘त’ आणि ‘द’ असा फरक का? फिन्निकात दोन स्वरांमधील स्पर्श व्यंजनाच्या दोन श्रेणी असतात, सबल आणि दुर्बल. पुढचा अवयव स्वरान्त असेल तर व्यंजन सबल राहते : स-ता. तो व्यंजनान्त झाला की दुर्बल होते : स-दन्. (आद्य भाषेत हा ‘द’ स्पर्श नसून जीभ शिथिल ठेवून उच्चारलेला घर्षक होता.) अंशवाचकात ‘त’ परत येतो, कारण तेथे अवयव पुन्हा उघडा आहे. नियम एवढाच. एस्टोनियनमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथे प्रथमा ‘सदा’ अशी लिहितात, आणि षष्ठी आहे ‘सया’. षष्ठीचा नकार कधीच गळून गेला. ‘सया’ स्वरान्त आहे, आणि आजच्या भाषेपुरते पाहिले तर तेथील व्यंजन दुर्बल होण्याचे काही कारण नाही. पण ते दुर्बल झाले, इतके की मूळ तकार नाहीसा होऊन त्या जागी केवळ यकाराची श्रुती उरली. जो नकार आज कोणाच्या तोंडी नाही, त्याने आपल्या हयातीत शेजारच्या व्यंजनावर केलेला घाव तेवढा राहिला. एस्टोनियनच्या शब्दकोशातून केवळ प्रथमा उचलणाऱ्याला हा नकार कधीच भेटणार नाही.

मराठीचे सामान्यरूप हे अशाच गेलेल्या प्रत्ययांचे घर आहे. ‘देवाला’ यातील आकार म्हणजे प्राकृत षष्ठीच्या ‘देवस्स’चा अवशेष, असे प्रायः मानले जाते. स्त्रीलिंगी नामांत तर ते अधिकच स्पष्ट आहे. ‘जीभ’ आणि ‘भिंत’ हे दोन्ही शब्द आज अकारान्त दिसतात, आणि प्रथमेच्या एकवचनात त्यांच्या घडणीत काहीच भेद नाही. पण ‘जिभेला’ आणि ‘भिंतीला’. ‘जिभा’ आणि ‘भिंती’. प्राकृतात पहिला ‘जिब्भा’ होता आणि दुसरा ‘भित्ति’. त्यांची ‘जिब्भाए’ आणि ‘भित्तीए’ ही रूपे झिजून ‘जिभे’ आणि ‘भिंती’ उरली. अंत्य स्वर प्रथमेने गमावला, सामान्यरूपाने सांभाळला. उद्या संस्कृत आणि प्राकृत यांचे सर्व ग्रंथ नष्ट झाले, तरी केवळ आजच्या मराठीवरून ‘जिह्वा’ आकारान्त होती आणि ‘भित्ति’ इकारान्त, इतके अनुमान करता येईल, अर्थात् ताऱ्यासह.

चौमूंच्या बोलीवरून ते करता येणार नाही. ढुंढाडीत ‘जीभ’ आणि ‘भींत’ एकवचनात विभक्तीपूर्वी तशाच राहतात, आणि अनेकवचनात दोघींना एकच ‘-आं’ लागतो. भेद पुसला गेला. पण तीच बोली दुसरीकडे मराठीवर मात करते. तिच्यात ‘घोड़ो’ हे प्रथमेचे रूप आहे आणि सामान्यरूप ‘घोड़ा’. प्राकृत ‘घोडओ’चा ओकार, म्हणजे संस्कृत पुल्लिंगी प्रथमेच्या विसर्गाचा वारस, तेथे आजही बोलला जातो, मराठी ‘घोडा’त तो नाही. जॉर्ज मॅकॅलिस्टर यांनी जयपूर संस्थानातील बोलींचे नमुने १८९८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ग्रियर्सन यांनी भाषापाहणीच्या १९०८ च्या राजस्थानी खंडात त्यांचा आधार घेतला. ते नमुने मराठी खंडाशेजारी ठेवून वाचले, म्हणजे कोणत्या भगिनीने कोणता दागिना मोडला आणि कोणता ठेवला, हे कळत जाते. फिनिशने नकार ठेवला, एस्टोनियनने टाकला; मोर्द्विनने शकार ठेवला, फिनिशने टाकला. एकीच्याच साक्षीवर मूळ शब्द उभा करता येत नाही.

या कसोटीवर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे कार्य तपासण्याजोगे आहे, कारण त्यांच्यात दोन्ही वृत्ती शेजारी शेजारी नांदतात. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे त्यांनी जे व्याकरण लिहिले, त्यात प्रत्ययांची आणि रूपांची छाननी आहे. त्यांचे निष्कर्ष कोठे अमान्य झाले असले तरी त्यांची नजर योग्य ठिकाणी होती. ग्रामनामे आणि व्यक्तिनामे यांच्या व्युत्पत्तीत मात्र ते सुट्या प्रथमेला सुटी संस्कृत प्रथमा भिडवतात, आणि प्रतिभेचा वेग पुराव्याच्या पुढे धावतो. मराठीत अनुकरण झाले ते या दुसऱ्या राजवाड्यांचे. ‘चौमूं’ हेच नाव घ्यावे. ‘चौ’ म्हणजे चार, ‘मूं’ म्हणजे मुख, तेव्हा हे चतुर्मुख गाव, असे कोणीही मराठी वाचक क्षणात सांगेल. ते खरेही असू शकेल. पण हेच नाव ‘चोमू’ असेही लिहिले जाते, आणि व्युत्पत्ती सांगणाऱ्याने ‘औ’ आणि ‘ओ’ यांतील जुना कोणता, तो अनुस्वार मूळचा की मागाहून आलेला, याचा निर्णय आधी करावा लागतो. ग्रामनामाला भगिनी नसतात. एकाच गावाचे नाव पाच भाषांत पाच वाटांनी बदलत जात नाही, की ज्यांची तुलना करता येईल. तेथे साक्ष द्यायची ती जुन्या दानपत्रांनी आणि दप्तरांनी. अर्थ जुळतो एवढ्यावर तारा ठेवण्याचा अधिकार मिळत नाही.

विभक्तीची साक्ष मोलाची असली तरी तीही उलटतपासणीवाचून घेता येत नाही. ‘बँक’ हा शब्द मराठीत आला आणि ‘बँकेत’, ‘बँकेचा’ असा चालू लागला; म्हणजे तो ‘जीभ’च्या वर्गात बसला. ‘नोट’ही तसाच : ‘नोटेवर’. फिनिशने हाच शब्द ‘पांक्की’ असा घेतला आणि त्याची षष्ठी ‘पांकिन्’ केली. *सताला जो सबल-दुर्बळाचा न्याय लागला होता तोच, हजारो वर्षांनंतर आलेल्या या पाहुण्याला लागला. ‘बँके’मधील एकारावरून तिचा पूर्वज आकारान्त प्राकृत शब्द होता असे अनुमान कोणी केले, तर नियम पाळूनही ते चुकेल. हा एकाराचा वर्ग मराठीत जिवंत आहे आणि नव्या शब्दांना आत घेतो, म्हणून त्यातील प्रत्येक शब्द जुना नाही. ‘वीज’ हा शब्दही संस्कृत ‘विद्युत्’ या व्यंजनान्त शब्दापासून येऊन ‘विजेला’ असाच चालतो. अशा वेळी निर्णय करतो तो भगिनी-भाषांचा पुरावा; ‘जीभ’ आर्यभाषांत सर्वत्र आहे, ‘बँक’ ज्या वाटेने आली ती वाट ठाऊक आहे.

अलीकडे आलेल्या शब्दांची चाल आणखी वेगळी दिसते. ‘टेबल’ला ‘टेबलावर’ हे सामान्यरूप मिळाले होते. ‘मोबाईल’ला ते क्वचितच मिळते, बहुतेकांच्या तोंडी आणि लेखणीत ‘मोबाईलवर’ असेच असते. ‘बँकेत’ म्हणणारा मराठी माणूस ‘ट्रेनमध्ये’ आणि ‘कारमध्ये’ म्हणतो, ‘ट्रेनेत’ म्हणत नाही. येथे प्रत्ययाची जागा शब्दयोगी अव्ययाने घेतली आहे आणि नाम जसेच्या तसे उभे आहे, चौमूंच्या ‘भींत’सारखे. हा बदल केवळ परक्या शब्दांपुरता आहे, की ‘भिंत’ आणि ‘जीभ’ यांनाही एक दिवस गाठणार आहे, हे आजच्या लेखनाची रूपे गावोगाव आणि पिढीवार नोंदवल्यावाचून ठरणार नाही. आणि ती नोंद करण्याचे काम मराठीत अद्याप विखुरलेल्या स्वरूपातच झाले आहे.